आक्काच्या मापाचं बाथरूम

भाऊसो थोरातांनी आपल्या हयातीत एकच इमारत उभी केली. ती आतून चार फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद आहे, आणि तिला अडीच वर्षं लागली. धरणंसुद्धा याहून लवकर होतात, असं त्यांची बायको विजयमाला म्हणते. पण धरणाला शेजारी नसतात, ही गोष्ट ती विसरते.

त्र्याहत्तरच्या दिवाळीत हे सगळं सुरू झालं. भाऊसोंची थोरली बहीण शालूबाई, म्हणजे आक्का, कोरेगावाहून चार दिवसांसाठी आली होती. भाऊसोंचं घर उंब्रज आणि इस्लामपूरच्या मधे एका पेठेच्या गावात. तीन खोल्या एका ओळीत, मागं परसू, आणि परसाच्या पार टोकाला संडास. वीस पावलं आणि तीन पायऱ्या. पाडव्याच्या सकाळी आक्का तिसऱ्या पायरीवरून घसरली आणि गुडघ्यावर आपटली. ओरडली नाही. तांब्या मात्र घरंगळत पार तुळशीपर्यंत आला, त्यावरून घरात कळलं.

भाऊबीज झाल्या झाल्या आक्कानं पिशवी भरली. "माझं बिऱ्हाड माझ्या गावात बरं रं, भावड्या. हितं तुमाला माझा ताप."

मूल नाही, बाळ नाही, मालक जाऊन आठ वर्षं झालेली. कोरेगावात दोन खणांत एकटी राहणारी ही बाई म्हातारपणी आपल्याकडं असावी, एवढी एकच गोष्ट भाऊसोंना आयुष्याकडून हवी होती. आई गेली तेव्हा ते तीन वर्षांचे होते. आक्कानं त्यांना काखेला मारून वाढवलं, तिच्या लग्नात आहेरासारखं सासरी नेलं, आणि सतराव्या वर्षी स्वतः सातारला नेऊन पलटणीत भरती केलं.

म्हणून यष्टीच्या खिडकीशी उभं राहून भाऊसोंनी तिला सांगितलं, "आक्का, तुझ्या खोलीला जोडून बाथरूम बांधीन. अंबाल्याला मेजरसायबाच्या बंगल्यात असतंय तसं, अटॅच्ड. ते पुरं झालं की मगच तुला न्यायला येईन. तवर तुला तोंड दाखवणार न्हाई!"

"आरं, तोंडानं काय केलंय?" आक्का म्हणाली. पण गाडी सुटली होती, आणि शपथ तोंडातून निघाली होती. फौजेतला हवालदार माणूस. निघालेली गोळी आणि निघालेली शपथ तो परत मागत नाही. विजयमालेचं म्हणणं असं, की तेवीस वर्षांत यांनी गोळी एकदाही झाडलेली नाही, हे स्टोअरातच होते. पण ते असो.

पहिला नकाशा भाऊसोंनी, पेन्शनीनंतर ते ज्या साखर कारखान्याच्या गेटावर होते, तिथल्या कोऱ्या गेटपासाच्या मागच्या बाजूला काढला. दुसरा आलेखाच्या कागदावर. तिथून पुढं नकाशांना नंबर पडले, तारखा पडल्या, आणि प्रत्येकाच्या तीन प्रती कार्बन घालून निघू लागल्या. एक स्वतःला, एक गवंड्याला, एक फायलीला. विजयमालेनं विचारलं, "आन् जिच्यासाठी चाललंय तिला कुटली?" त्यावर चौथी प्रत कोरेगावला पोस्टानं जाऊ लागली. आक्काला अक्षर येत नव्हतं, पण शेजारचे नाथाजी मास्तर वाचून दाखवत.

जागेचा प्रश्न सोपा दिसत होता. आक्काची म्हणून ठरवलेली खोली टोकाची. तिच्या भिंतीपासून शेजारच्या रामगोंडा पाटलांच्या हद्दीपर्यंत पाच फुटांचा बोळ, आणि त्यात सात फूट लांबी घेता येत होती. सात बाय पाच. यात बसवायचं काय? एक खुर्चीसारखं भांडं, कारण आक्काला उकिडवं बसता येत नव्हतं. एक न्हाणीचा दगड. एक पाण्याची टाकी. आणि आक्का.

सगळ्यांत अवघड मामला आक्काचाच होता. आक्का म्हणजे अंगापिंडानं भरलेली बाई. जोंधळ्याचं पोतं एका दमात माळ्यावर टाकायची. ती दारात उभी राहिली की आत चुलीपाशी चिमणी लावावी लागे. एकदा बाजारात एकानं वजनात मारलं, तर तिनं त्याला तागडीतल्या धोंड्यासकट उचलून बाजूला ठेवलं होतं. अशी बाई अंगाला साबण लावताना कोपरं किती लांब काढत असेल, याचा अंदाज भाऊसोंना येईना. शेवटी त्यांनी सरळ पत्र घातलं: "न्हाताना दोन्ही कोपरं बाजूला काढून, या कोपरापासून त्या कोपरापर्यंत माप घेऊन कळवणे."

आठ दिवसांनी पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, सुतळी होती. दोन टोकांना दोन गाठी. पाकिटाच्या आतल्या बाजूला मास्तरांच्या अक्षरात एक ओळ: "शालूबाई म्हणतात, एवढं पुरं."

भाऊसोंनी सुतळी टेबलावर ताणून धरली आणि हसूच लागले. "हे आक्काचं माप? ह्यात आक्काचा एक दंड बसंल. मास्तरनं शाळंतल्या पोरीचं माप पाठवलंय."

रामगोंडा पाटील कुंपणावरून बघत होते. जातीनं जैन, धंद्यानं गुळाचे व्यापारी, आणि स्वभावानं सगळ्यांचे सल्लागार. "सुतळी भिजली असंल, भाऊसो. पावसाचे दिवस. ताग भिजला का आटतोय. आमच्या गुळाच्या ढेपंला बांदलेली दोरी बघा की, चवथाई आटती."

हे पटण्यासारखं होतं. भाऊसोंनी मापात पाऊण हात वाढवून नकाशा नंबर सहा काढला आणि सुतळीचा उपयोग नकाशांची गुंडाळी बांधायला केला. तिथून पुढं जिथं जिथं ते नकाशे गेले, तिथं तिथं ती सुतळीही गेली.

"आवं," विजयमाला म्हणाली, "सुतळीचा एवढा इचार करण्यापरास एक डाव जाऊन बघून या की आक्कास्नी."

"शपथ घेतलीय," भाऊसो म्हणाले.

नकाशा कागदावर समजत नाही, जमिनीवर समजतो, असं केरबा तात्यांचं मत पडलं. तात्या म्हणजे गल्लीतले सर्वांत जुने पेन्शनर. मत पडल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. तेव्हा एका रविवारी भाऊसोंनी बोळात चुन्याची फक्की मारून पुऱ्या मापाचं बाथरूम आखलं. पांढऱ्या रेघांच्या भिंती, मधे दाराची फट, भांड्याच्या जागी पालथं घमेलं, न्हाणीच्या दगडाच्या जागी पाट, टाकीच्या जागी तेलाचा डबा. दहाच्या सुमाराला गल्ली जमली.

"तात्या, भिंतीतनं येऊ नगा! दारातनं या!"

तात्या मागं फिरले, रेघेच्या फटीतून अदबीनं आत आले आणि घमेल्यावर बसले. इकडं तिकडं बघितलं. "उजेड हाय," म्हणाले. वर आभाळच होतं.

मग सल्ले सुरू झाले. तात्यांच्या मते भांड्याचं तोंड दाराकडं हवं, म्हणजे कोण येतंय ते दिसतं. रामगोंडांच्या पत्नी चंदनबाला कुंपणापलीकडून म्हणाल्या, "घराला चिकटून शंडास? अरिहंत, अरिहंत! आवं, पलीकडं भिंतीला आमच्या देवघराची खिडकी हाय. त्येचं तोंड तरी तिकडं करू नगा." दोघांचं ऐकल्यावर भांडं कोपऱ्यात तिरकं गेलं. तिरक्या भांड्यामुळं दगड सरकला, दगडामुळं दार सरकलं, आणि दारामुळं आतल्या खोलीत आक्काची बाज कुठं ठेवायची हा नवाच प्रश्न उभा राहिला. तेवढ्यात विजयमालेच्या दोन कोंबड्या भिंतीतून आरपार गेल्या आणि पायानं फक्की विस्कटून गेल्या.

"आता तू न्हाऊन दाखव," भाऊसो बायकोला म्हणाले.

"काय?"

"नुसतं हात हलवून गं. रिकामी बादली घे. हात कुटं लागतोय ते बघायचंय."

अख्ख्या गल्लीसमोर, भर रविवारी, रेघांच्या बाथरूमात बसून खोटं खोटं न्हायला सांगणारा नवरा तिनं आधी नीट बघून घेतला. मग बादली त्यांच्याच हातात दिली आणि आत गेली. शेवटी भाऊसो स्वतः पाटावर बसले आणि पूर्ण कपड्यांत, टोपीसकट, न्हाले. आक्का म्हणून न्हायचं असल्यामुळं कोपरं जरा जास्तच बाहेर काढली. एक तात्यांच्या पोटात लागलं.

त्या रात्रीच पाऊस झाला आणि बाथरूम वाहून गेलं. नकाशा नंबर नऊ.

पंच्याहत्तर साली सिमेंट परमिटवर मिळत होतं. भाऊसोंनी आठ पोत्यांचा अर्ज केला. कचेरीतल्या कारकुनानं तो वाचला आणि चष्मा कपाळावर सारला.

"प्रयोजन काय लिहिलंय हे? 'वयोवृद्ध भगिनीच्या सोयीकरिता संलग्न स्नानगृह.' भगिनी कुठं असतात?"

"कोरेगावला."

"मग सोय कोरेगावला करा. इथलं सिमेंट इथल्या माणसाला. भगिनी इथं राहतात असा दाखला जोडा."

"साहेब, बाथरूम झाल्याबिगर ती येनार न्हाई."

"आणि त्या आल्याशिवाय सिमेंट येणार नाही." कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं थोडा विचार केला. "असं करा, हवालदार. त्यांना आधी आणा. दोन महिने काढतील कशातरी. मी त्याच दिवशी सही करतो."

भाऊसोंनी त्याला शपथेची हकीकत सांगितली. कारकुनानं ती शेवटपर्यंत ऐकली, मग आपल्या शेजारच्या कारकुनाला बोलावून त्यालाही ऐकवायला लावली. सात हेलपाट्यांनंतर, अर्जदारास स्वतःस अंघोळ लागत असावी अशी टिप्पणी होऊन, तीन पोती मंजूर झाली.

तीन पोत्यांत काय होणार? फरशी, टाकी, मैल्याचा खड्डा. भिंतींना सिमेंट उरत नव्हतं. भिंती दगडमातीच्या कराव्या लागणार, हे तेव्हाच ठरलं. त्याचा अर्थ मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही.

खुर्चीसारखं भांडं सांगलीत मिळालं. दुकानदारानं ते पेंढ्यात घालून पोत्यात शिवून दिलं. यष्टीच्या टपावर टाकलं तर फुटेल, म्हणून भाऊसोंनी ते मांडीवर घेतलं. पंधरा-सोळा किलोंचं ओझं, तेही लहान मुलासारखं दोन्ही हातांनी धरून. शेजारी एक भला गृहस्थ बसला होता.

"काय हाय हो पोत्यात?"

खरं सांगणं भाऊसोंच्या जिवावर आलं. "कारखान्याचा पार्ट हाय."

गृहस्थाचा चेहरा उजळला. तो दुसऱ्या एका कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होता. वीस वर्षं. "कंचा पार्ट? पंपाचं केसिंग? न्हाई? मग रसाच्या लायनीचं बेंड असंल. गोल लागतंय हाताला." आष्टा यायच्या आधी त्यानं पोत्याच्या उसवल्या कोपऱ्यातून आत हात घातला, डोळे मिटून जाणकारासारखा चाचपत राहिला, आणि हळूहळू थांबला. हात बाहेर काढला. धोतराला पुसला. इस्लामपूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. भाऊसोंना त्याला सांगावंसं वाटलं, की आवं, नवंकोरं हाय. पण ते सांगायलाही एक प्रकारची हिंमत लागते.

काम सुरू व्हायला आणखी चार महिने होते. तेवढा काळ भांडं सोप्यात राहिलं. केरबा तात्या रोज सकाळी येत आणि त्यावर बसून पेपर वाचत. पाठीला आराम पडतो म्हणत.

कोरेगावला पत्रं जात होतीच. "सिमेंट मिळाले." "भांडे आले." "आता थोडेच राहिले." मास्तरांच्या अक्षरात उत्तर येई: "मी बरी आहे. तुम्ही सर्वांनी जिवाला जपणे. घाई करू नये." पत्रातली आक्का तेवढीच थोराड, तेवढीच ठणठणीत होती. भाऊसो तिला डोळ्यांसमोर आणत आणि नकाशात दाराची रुंदी आणखी दोन इंच वाढवत.

शहात्तरच्या माघात धुळा गवंडी एकदाचा मोकळा झाला. धुळानं जन्मात देवळं, धर्मशाळा आणि विहिरींचे कठडे बांधलेले. भाऊसोंनी नकाशा नंबर अकरा त्याच्या हाती दिला. धुळानं तो उलटा धरून बराच वेळ बघितला आणि खिशात ठेवला. मग भाऊसोंनी पुन्हा फक्की मारली, सात बाय पाच, आणि हुकूम दिला, "धुळा, ह्या रेघंच्या भाईर एक बोट जायचं न्हाई. भाईर रामगोंडा पाटलांची हद्द हाय. काय?"

"बोटभर न्हाई जायचं," धुळा म्हणाला.

एवढं सांगून भाऊसो पेन्शनीच्या कागदासाठी सातारला गेले. तिथं चार दिवस मोडले. चौथ्या दिवशी दुपारी ते सातारच्या स्टँडवर उभे होते, हातात शेंगांचा पुडा. समोरच कोरेगावची गाडी लागली होती. अर्धी रिकामी. कंडक्टर पायरीवर लोंबकळत ओरडत होता, "कोरेगाव, कोरेगाव! चला, कोरेगाववाले!" अकरा-बारा मैल. तासाभरात पोचले असते. भाऊसो दोन पावलं पुढंही गेले. कंडक्टरनं हात दिला. "या मामा, लगीच सुटतीय."

त्यांनी मान हलवली. भिंती चढत होत्या. आता महिनाभराचा प्रश्न, मग शपथ मोडायची कशाला? गाडी गेली. पुढं कितीतरी दिवस ती गाडी भाऊसोंच्या डोळ्यांसमोरून जात राहिली. त्या दिवशी मात्र त्यांनी शेंगा खाल्ल्या.

घरी आले तर भिंती डोक्यापर्यंत गेल्या होत्या. काळ्या दगडाच्या, घडीव, देखण्या. धुळा वर उभा राहून ओळंबा लावत होता.

"बगा हवालदार! फक्कीच्या भाईर बोट न्हाई गेलं."

खरंच नव्हतं गेलं. भिंती सगळ्या फक्कीच्या आतल्या बाजूला होत्या. आणि दगडमातीची भिंत धुळाच्या हातून दीड फुटाखाली होत नसे. भाऊसोंनी सात बाय पाच हेच आतलं माप धरलं होतं; भिंतींना जाडी असते ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. ती चार प्रतींपैकी एकाही प्रतीवर नव्हती. दोन्ही टोकांचे दीड-दीड फूट गेले, बाजूचे दीड फूट गेले, आणि उरलं चार बाय साडेतीन.

"अरं धुळा, ही काय किल्ल्याची तटबंदी हाय का रं?"

"तोफ लागली तरी ढिम्म हलायची न्हाई," धुळा अभिमानानं म्हणाला. "इतभर भिंत बांदली तर लोकं थुकतील की माझ्या तोंडावर."

भांडं बसवलं, टाकी बसवली, दगड बसवला. दार आत उघडेना, भांड्याला अडे. मग ते बाहेर उघडणारं केलं, तर ते आक्काच्या बाजेला अडे. बाज भिंतीशी सरकवली. भाऊसो आत जाऊन दगडावर बसले. एक गुडघा टाकीला, एक भांड्याला. साबण लावायची खूण केली तर दोन्ही कोपरं एकदम दोन्ही भिंतींवर आपटली, मुंग्या आल्या. केरबा तात्या दारातून म्हणाले, "बरं हाय की. पाठ भिंतच चोळंल. वर माणूस लागायचं न्हाई."

भाऊसो बराच वेळ बाहेर आले नाहीत. अकरा नकाशे, सात हेलपाटे, सांगलीहून मांडीवर आणलेलं भांडं, आणि आक्काच्या एका दंडापुरती जागा. बाहेर आले ते म्हणाले, "पाडायचं. पुन्यांदा बांदायचं."

तेव्हा विजयमाला हातातलं काम ठेवून उठली. नेहमीसारखं हसली नाही. "पाडलं तर आनखी एक पावसाळा जाईल. ल्हान तर ल्हान. झालंय न्हवं? शपथ पुरी झाली. आता जावा आन् आक्कास्नी घिऊन या. म्या सांगतीया म्हणून जावा."

चैत्रात भाऊसो कोरेगावला निघाले. सगळ्या रस्ताभर ते मनात जुळवाजुळव करत होते. आक्का, धुळाची चूक झाली. आक्का, पुढल्या वर्षी मोठं करतो. आक्का, तुला जरा आडवं शिरावं लागंल.

दार वाजवलं. दार उघडलं. भाऊसोंची नजर सवयीनं वर गेली, जिथं आक्काचा चेहरा असायचा तिथं. तिथं कुणी नव्हतं. नजर खाली आली, तर एक बारकी, वाकलेली म्हातारी उंबऱ्यात कडी धरून उभी. शेजारपाजारची कोणी असेल.

"आक्का कुटं हाय?" भाऊसोंनी तिला विचारलं.

म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हसू आलं, आणि ते हसू तेवढं ओळखीचं होतं.

"भावड्या," ती म्हणाली, "मीच की रं."

नाथाजी मास्तर पिशवी यष्टीपर्यंत घेऊन आले. चालता चालता, आक्का ऐकत नाहीसं बघून, खालच्या आवाजात म्हणाले, "पत्रात लिहू नका म्हणायच्या. तो जिवाला लावून घेईल, म्हणायच्या. पण सुतळीचं माप मी स्वतः घेतलं होतं, हवालदार. दोनदा घेतलं होतं." यष्टीची पायरी उंच होती. भाऊसोंनी आक्काला उचलून वर ठेवलं. एका हातानंच झालं ते काम.

घरी आल्यावर गल्ली जमली होती, पण कुणी विनोद केला नाही. आक्कानं सगळं फिरून बघितलं. काळ्या भिंतीवरून हात फिरवला. मग आत गेली, दार लावलं. भाऊसो बाहेर, हातात नकाशांची गुंडाळी धरून, साहेबापुढं पेशीला उभ्या राहिलेल्या जवानासारखे.

आत पाण्याचा आवाज झाला. बराच वेळ झाला. मग आक्काचा आवाज आला. तो मात्र अजून मोठा होता.

"भावड्या! लय ऐसपैस केलंस रं! येवढं कशाला? मला काय हितं म्हैस धुवायचीया?"

चंदनबाला कुंपणापलीकडं हसल्या. विजयमालेनं पदराचा बोळा तोंडाला लावला. भाऊसोंनी गुंडाळीची सुतळी सोडली. नकाशे उलगडून खाली पडले, ते त्यांनी उचलले नाहीत. सुतळी दोन गाठींशी धरून त्यांनी दाराच्या चौकटीला लावून बघितली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरत होती. सुतळी आटलेली नव्हती.

तिन्हीसांजेला आक्का जेवायला बसली. विजयमालेनं दुसरी भाकरी वाढली, तर आक्कानं सवयीनं ताटावर हात आडवा धरला.

"आवं, घ्या की. एका भाकरीवर कुटं माणूस जगतंय?"

"जगतंय की गं," आक्का म्हणाली. सांगण्यासारखं काही नसल्याच्या सुरात. "गुडघा असा झाला तवापासनं भाईर वढ्याकडं जायाचं म्हंजे लय जिवावर यायचं. मग म्या म्हटलं, खायाचंच कमी केलं तर? एक भाकरी केली. मग अर्धी. पानी तर दिवस मावळला का बंदच. अंगाला सवय लागती. न्हाई म्हंजे, लय सोपं पडलं मला."

भाऊसोंचा घास हातात होता. नकाशा नंबर सहाला अर्धी भाकरी. नंबर नऊला संध्याकाळचं पाणी बंद. त्यांनी हिशेब लावायचा नाही म्हटलं तरी तो लागत गेला. माणसाला न्यायला यायला बाथरूम लागत नाही, पाय लागतात. बायको हे म्हणाली होती, कचेरीतला कारकून म्हणाला होता, सातारचा कंडक्टर तर हात देऊन उभा होता.

आक्कानं आपला हात बघितला, ताटावर आडवा धरलेला. मग मागं वळून खोलीकडं बघितलं, तिथून चार पावलांवर ते दार होतं. तिनं हात काढून घेतला.

"वाढ बाई. आन् पानी दे. तांब्या भरून दे."

तिनं तांब्या वर धरून गटागटा पाणी प्यायलं, दिवस मावळल्यावर, आणि रिकामा तांब्या पुन्हा पुढं केला.

या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली. आक्का टोकाच्या खोलीत असते. विजयमाला तिच्या भाकरीवर तुपाचा गोळा ठेवते, रामगोंडांच्या घरून नव्या गुळाची ढेप येते. आक्काच्या गालांवर थोडं तेज आलंय, पण अंग काही भरून येत नाही. गेलेलं ते गेलंच. धुळा मधे एकदा येऊन विचारून गेला, हवालदार, आता सिमेंट मिळतंय, भिंती बारीक करून देऊ का, आत जागा वाढंल. भाऊसो म्हणाले, राहू दे.

रोज सकाळी आक्का न्हायला जाते तेव्हा भाऊसो शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसतात. पेपर वाचत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष त्या दाराकडं असतं. एक ना एक दिवस आक्काचं कोपर त्या काळ्या भिंतीवर आपटेल आणि ती आतून अस्सल कोरेगावी शिवी हासडून ओरडेल, "मेल्या, हे काय बाथरूम हाय का खुराडं?" त्या शिवीची ते वाट बघत असतात.

आतून पाण्याचा आवाज येतो. मग आक्का म्हणते, "जागा लय हाय रं, भावड्या."

"व्हय, आक्का," भाऊसो म्हणतात, आणि पेपराचं पान उलटतात.